रेघेवरची बुरशी

बुरशीबाईंना तोंडावर कुणी बुरशीबाई म्हणत नसे. तोंडावर नुसतं ‘बाई’. पाठ वळली की बुरशीबाई, आणि वाफवाला रंगात असला की ‘भूछत्रीण’. वाफवाला म्हणजे बुरशी उगवून बघण्याच्या, वापरून झालेल्या प्लेटा वाफेच्या टाकीत घालून त्यांच्यातला जीव घालवणारा माणूस. आवाज खर्जातला, आणि किती वाजले एवढं विचारलं तरी घोषणा केल्यासारखं सांगणार. “लक्ष द्या! चौदा दिवस पूर्ण झालेल्या सर्व प्रवाशांनी आपापलं सामान घेऊन ढकलगाडीत बसून घ्यावं. गाडी सुटल्यावर तक्रार ऐकली जाणार नाही!” बाई हसत नसत. प्लेटांची चळत उचलून गाडीत ठेवत आणि वहीत खूण करत.

इस्पितळाच्या तळघरात, जिना उतरून डावीकडची तिसरी खोली. खिडकी एकच, तीही छताला टेकलेली, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. एकतीस वर्षं बाई त्या पायांखाली काम करत होत्या. रोग्याची थुंकी, नखाचा कीस, फुप्फुसातून काढलेलं पाणी, जे येईल ते तारेच्या टोकावर घ्यायचं, प्लेटेतल्या घट्ट खळीवर नागमोडी रेघ ओढायची, प्लेट उबदार कपाटात ठेवायची आणि काय उगवतंय ते बघत बसायचं. पांढरं, हिरवं, काळं, कधी गुलाबी. पुस्तक उघडेपर्यंत बाई नाव सांगून मोकळ्या. “नजर आहे नजर,” असं खुद्द मोठे सर म्हणत, आणि मोठे सर कुणाचं कौतुक सहसा करत नसत. त्यांचा अर्धा वेळ घसा साफ करण्यात जाई.

नव्याने कामाला लागलेल्या पोरींना बाई पहिल्याच दिवशी शिकवत. “रेघ कुठे ओढलीस ते लक्षात ठेव. रेघेवर उगवलं ते रोग्याचं. रेघ सोडून उगवलं ते हवेतून पडलेलं, ते आपलं नाही.” आणि दुसरा नियम भिंतीवरच होता, मोठ्या सरांनी स्वतः टाइप केलेला. चौदा दिवसांनंतर येणारी वाढ ही बाहेरची घाण समजून प्लेट नष्ट करावी. कुणी शंका काढलीच तर सर म्हणत, “अं... हं. चौदा म्हणजे चौदा. पंधरावा म्हणजे कचरा. कळलं? कळलं.”

बाईंचा धाकटा भाऊ सरांना जेमतेम एकदा भेटला होता, तरी त्यांची नक्कल अशी करायचा की बाईंनाही घाम फुटावा. बाईंचं लग्न झालं नव्हतं. धाकटा, त्याची बायको आणि बाई अशी तिघं एकाच घरात राहत. धाकटा लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर कामाला होता. जेवणं झाली की त्याचा खेळ सुरू. आधी सर. मग बाई, एक डोळा मिटून ताटलीत वाकून, “हे रेघेवर आहे का गं?” मग करवत. करवतीचा आवाज तो घशातून काढी, ओंडका लागला की जाड, गाठ लागली की किंचाळता. एका रात्रीच्या जेवणानंतर करवत चालू असतानाच त्याला खोकला आला. दोघी पोट धरून हसल्या. त्यांना वाटलं, करवत अडकली. तो हात हलवून थांबा थांबा म्हणत होता आणि त्या आणखीच हसत होत्या.

“भुसा गेला असेल घशात,” तो म्हणाला.

भुसा दोन महिने गेला नाही. वजन उतरलं, संध्याकाळचा ताप येऊ लागला. फुप्फुसातलं पाणी तपासायला तळघरात आलं. त्या वर्षातला नमुना क्रमांक चारशे सतरा. झाकणावर क्रमांक आणि नाव बाईंनीच लिहिलं, रेघ बाईंनीच ओढली. चौदा दिवस प्लेट कोरी. अहवाल वर गेला, ‘बुरशीची वाढ नाही’, खाली बाईंची सही, तिच्याखाली सरांची. वरचे डॉक्टर म्हणाले, मग क्षयच, आणि क्षयाची औषधं चालू झाली.

पण ती एक प्लेट बाईंनी ढकलगाडीत घातली नाही. शंका होती असं नाही. भावाच्या नावाची प्लेट वाफवाल्याच्या घोषणेत घालवायची, हे त्यांच्या हातून होईना, इतकंच. त्यांनी ती उबदार कपाटात मागे सारली.

एकोणिसाव्या दिवशी काहीतरी दुसरंच काढताना ती हाताला लागली. खळीवर पाच ठिपके होते. राखाडी, चपटे, पाणी शिंपडलेल्या राखेसारखे. चार ठिपके रेघेवर होते, मणी ओवल्यासारखे. पाचवा रेघेपासून करंगळीभर लांब.

बाई पाचव्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली नुसते धागे. ना बीज, ना बोंड, ओळख पटावी असं काहीच नाही. तोवरच्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना नाव सुचलं नाही. गेलेला अहवाल बदलायचा तर गुलाबी फॉर्म भरावा लागे. त्यात रकाना होता, ‘चुकीचं कारण’, आणि त्याखाली सरांची सही. बाईंचा एकही अहवाल पंचवीस वर्षांत परत आला नव्हता. त्यांनी फॉर्म आणला. तारीख घातली. मग लिहायचं काय? एकोणिसाव्या दिवशी प्लेट कपाटात होतीच कशी? आणि नाव काय? नाव नाही. पाचवा ठिपका तर सरळसरळ हवेतला. पाचवा हवेतला तर मग चारही हवेतले कशावरून नाहीत? त्यांनी फॉर्म खणात ठेवला. उद्या बघू.

त्याच आठवड्यात धाकट्याने दोन घास जास्त खाल्ले आणि वॉर्डातून फोन करून सरांच्या आवाजात म्हणाला, “अं... हं. बरा म्हणजे बरा. कळलं? कळलं.” बाई खळखळून हसल्या. हसताना त्यांच्या गुडघ्याला तो खण लागत होता.

एकेचाळीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून तीन आठवड्यांनी गेला.

बाईंनी राखाडी ठिपक्यातलं कणभर उचलून काचेच्या नळीत लावलं. ते रुजल्यावर वर बोटभर जाड तेल ओतलं. तेलाखाली बुरशी वर्षानुवर्षं निजून राहते, मरत नाही. नळीवर नुसतं ४१७ लिहिलं आणि फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात, खोक्यांच्या मागे ठेवली. का ठेवली ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. गुलाबी फॉर्म खणात होता तसाच राहिला.

सहा वर्षं गेली. तळघरात एक तरुण डॉक्टरीण आली आणि तिच्याबरोबर स्टेपलरएवढं एक यंत्र आलं. ती इतकं भरभर बोलायची की वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याचाच श्वास संपावा.

“म्हणजे बघा बाई, प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, चारच अक्षरांचा, करोडो अक्षरं, हे यंत्र तो सगळा वाचतं, म्हणजे दिसायला दोन बुरश्या जुळ्या, पण मजकूर जुळला नाही तर प्रजाती वेगळी!”

“आणि तो मजकूर आधी कुणी वाचलेलाच नसला तर?” बाईंनी विचारलं.

“तर नवी प्रजाती! म्हणजे बघा, मजाच!”

“अं... मजा म्हणजे मजा,” मोठे सर म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

डॉक्टरिणीने फ्रीजमधल्या विचित्र किंवा नाव न लागलेल्या सगळ्या नळ्या मागितल्या. बाईंनी अडतीस काढून दिल्या. महिन्याभरात त्यांतल्या तीन नळ्यांवरची नावं, बाईंनी नऊ वर्षांपूर्वी ठासून लिहिलेली, चुकीची निघाली. वाफवाला दारातून ओरडला, “लक्ष द्या! नजर नावाची गाडी अनिश्चित काळासाठी रद्द झाली आहे!” बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. एकोणचाळिसावी नळी खोक्यांच्या मागेच होती.

धाकटा गेल्यावर भावजयीला त्याच वखारीत काम मिळालं होतं, कापलेल्या फळ्यांवर खडूने मापं लिहिण्याचं. दिवसभर करवतीपासून दहा पावलांवर. सहाव्या वर्षी पानगळीच्या दिवसांत ती घरी आली, डोक्याचा रुमाल सोडून झटकला आणि खोकली. खोकून झाल्यावर म्हणाली, “काही नाही हो ताई. भुसा गेला असेल घशात.”



“उद्याच दाखवायचं,” बाई म्हणाल्या.

“अगंबाई! एका खोकल्याला उद्याच?”

“उद्याच म्हणजे उद्याच.”

“आता तुम्हीपण सरांची नक्कल करायला लागलात की काय!” भावजय हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा खोकला आला.

पंधरा दिवसांत ती वॉर्डात होती. दोन्ही फुप्फुसं धुरकटलेली. वरचे डॉक्टर म्हणाले, आधी नवरा गेला क्षयाने, हिलाही तोच, औषधं चालू करू. नमुना तळघरात आला. बाईंनी रेघ ओढली, पण प्लेट उगवायला एकोणीस दिवस लागणार हे त्यांच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं. उरलेलं पाणी डॉक्टरिणीने थेट यंत्राला पाजलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं खाजवत बसली.

“म्हणजे बघा, बहुतेक सगळा मजकूर माणसाचाच, साहजिक आहे, पण त्यात दोनशे अकरा तुकडे बुरशीचे आहेत, शंकाच नाही, पण ओळखीच्या कशाशीच धड जुळत नाहीत. कुठली तरी वेगळीच आहे. माझ्याकडे चिंध्या आहेत, अख्खं कापड कुणाचं ते माहीत नाही. आणि ते कळल्याशिवाय कुठलं औषध लागू पडेल ते सांगता येत नाही. उगवेपर्यंत थांबायचं म्हटलं तर...”

“वरचे काय म्हणतात?”

“आठवडा. फार तर दहा दिवस.”

बाई उठून फ्रीजपाशी गेल्या. दार उघडलं आणि उभ्या राहिल्या. अख्खं कापड तळाच्या कप्प्यात होतं, सहा वर्षं. हात घातला तर वाचायला मजकूर मिळणार होता, आणि मजकुराबरोबर बाकीचंही सगळं बाहेर येणार होतं. नळी काढून ‘जुनी, बेवारशी’ म्हणून द्यावी का? क्रमांक पुसून? अंगठा एकदा फिरवला की झालं. दार उघडं राहिल्याने फ्रीज पीं पीं करू लागला.

“बाई, दार!” डॉक्टरीण ओरडली.

त्यांनी नळी तिच्यापुढे ठेवली. क्रमांकासकट.

“ही कुठली?”

“चारशे सतरा. सहा वर्षांपूर्वीची.”

डॉक्टरिणीने जुनी वही काढली, बोट फिरवत खाली आली. “इथे तर ‘वाढ नाही’ लिहिलंय.”

“एकोणिसाव्या दिवशी आली. रेघेवर.”

“मग अहवाल कुणी...”

“कुणी नाही. मी कळवलंच नाही.”

“नमुना कुणाचा होता?”

“हिच्या नवऱ्याचा,” बाई म्हणाल्या. “माझ्या भावाचा.”

डॉक्टरिणीने हातमोजे चढवले.

तेल निथळलं. बुरशीचं कवच चिवट, म्हणून बारीक मण्यांबरोबर घुसळून फोडलं. नळी धरायला हात हवा होता, तो बाईंनी धरला. मग दोन दिवस ते स्टेपलरएवढं यंत्र वाचत राहिलं. रोज सकाळी बाई वॉर्डात जात. भावजय नाकात नळी घालून बसलेली असे, कारण आडवं झालं की दम लागे. “ताई, तुमचं तळघर काय म्हणतंय?” ती विचारी. बाई म्हणत, “वाचतंय.”

तिसऱ्या दिवशी कळलं. जगातल्या कुठल्याच यादीत नसलेली बुरशी. सगळ्यात जवळचं नातं कुजक्या लाकडात राहणाऱ्या एका बुरशीशी, पण तेही चुलत-चुलत. भावजयीच्या पाण्यातल्या दोनशे अकरा चिंध्यांपैकी दोनशे सात नळीतल्या मजकुराशी अक्षरन् अक्षर जुळल्या. आणि डॉक्टरिणीने एका ओळीवर बोट ठेवलं. बुरशीवरचं नेहमीचं औषध जिथे जाऊन चिकटतं, ती जागाच इथे बदललेली होती. ते औषध ओतलं काय आणि पाणी ओतलं काय, सारखंच. पण दुसरं एक, जुनं, त्रासदायक औषध होतं; त्याची जागा शाबूत होती. त्याच दुपारी ते भावजयीच्या शिरेत चालू झालं.

मोठ्या सरांना वही दाखवावीच लागली. त्यांनी चष्मा लावला, काढला.

“अं... बाई, तेव्हा मला सांगायला...”

“गुलाबी फॉर्म खणात आहे अजून. तारीख घातलेली आहे.”

“पण नियम होता. चौदा म्हणजे...” सरांनी चष्मा पुसायला घेतला.

डॉक्टरीण वह्या मागे चाळत होती. व्यवसायाच्या रकान्यात लाकूड, वखार, सुतार असं लिहिलेले, बुरशीची शंका असलेले आणि चौदाव्या दिवशी कोरे निघालेले रोगी तिला सोळा वर्षांत अकरा सापडले. अकराही जणांपुढे ‘वाढ नाही’ची खूण. त्यांच्या नळ्या नव्हत्या. वाचायला काहीच नव्हतं. दारात ढकलगाडी घेऊन उभ्या असलेल्या वाफवाल्याने ते ऐकलं आणि त्या दिवशीच्या प्लेटा चाकांचा आवाजही न करता नेल्या.

औषधाने भावजयीला थंडी भरे, ओकाऱ्या होत, पण अठराव्या दिवशी ताप उतरला. त्याच सुमारास तिची प्लेटही उगवली, राखाडी, रेघेवर. त्या दुपारी बाई तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, पाचव्या ठिपक्यासकट.

भावजय ऐकत होती. पांघरुणाची एक दशी बोटाला गुंडाळत होती.

“हे औषध तेव्हा होतं?”

“होतं.”

“मग त्याला मिळालं असतं?”

“आधी नेहमीचं दिलं असतं. ते लागू पडलं नसतं. मग हे.”

“तेवढे दिवस होते?”

“बावीस.”

“पुरले असते?”

“कदाचित.”

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कुणाला तरी हाका मारत होती. भावजयीने दशी तोडली.

“त्याने वॉर्डातून फोन केला होता ना तुम्हाला, सरांच्या आवाजात. मी शेजारीच बसले होते. फोनमधून तुमचं हसू ऐकू आलं होतं मला. मी म्हटलं, ताई हसतायत म्हणजे काही काळजीचं नाही. तेव्हा माहीत होतं तुम्हाला.”

“वाटत होतं.”

“नाही. रेघेवर होती म्हणालात ना आत्ता?”



पुढच्या आठवड्यात डॉक्टरीण वर आली, हातात कागद घेऊन. नवी प्रजाती जाहीर करायची म्हणजे नाव लागतं. पहिला नमुना ज्याचा, त्याच्या सन्मानार्थ कधीकधी त्याचंच नाव देतात. “म्हणजे बघा, तुमची परवानगी असेल तरच, पण त्यांची आठवण म्हणून...”

“ज्याने त्याला खाल्लं त्याला त्याचं नाव?” भावजय म्हणाली. आवाज अजून पुरता आला नव्हता, त्यामुळे तिला ओरडता येत नव्हतं. “द्यायचंच असेल तर ह्यांचं द्या. ह्यांनी सांभाळली. सहा वर्षं, तेलात घालून.”

बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. डॉक्टरिणीने कागदाची घडी घातली.

शेवटी बुरशीचं नाव तिच्या राखेसारख्या रंगावरून ठेवलं गेलं. जाहीर झालेल्या लेखात मूळ नमुना म्हणून ४१७ छापून आला. ‘पुरुष, वय एकेचाळीस, करवतीवर कामाला, मृत. वाढ एकोणिसाव्या दिवशी.’ हा एकोणिसावा दिवस कागदावर पहिल्यांदाच आला. लेखाच्या शेवटी बारीक टायपात आभार होते, नमुना इतकी वर्षं जपल्याबद्दल, बाईंच्या पूर्ण नावासकट. ती ओळ काढा म्हणून बाई दोनदा सांगून आल्या. डॉक्टरीण म्हणाली, “म्हणजे बघा बाई, नियम आहे.”

भिंतीवरचा कागद बदलला. आता चौदाच्या जागी बेचाळीस आहे. मोठे सर निवृत्त झाले. बाईंवर चौकशी बसली, ताकीद मिळाली, सेवापुस्तकात एक ओळ लिहिली गेली आणि त्या पुन्हा त्याच टेबलावर बसल्या, कारण राखाडी ठिपका रेघेवर ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. नव्या पोरींना त्या अजूनही रेघेचं सांगतात. रेघ सोडून उगवलेलं आपलं नाही, हे मात्र आता सांगत नाहीत.

भावजय वेगळी राहते, इस्पितळाच्या मागच्या रस्त्याला, एका खोलीत. वखार तिने सोडली. जिना चढायचा म्हणजे दोनदा बसावं लागतं. वर्षभर दर महिन्याला तिला थुंकीचा नमुना द्यायला यावं लागणार आहे. बुरशी गेली का, हे फक्त प्लेटच सांगू शकते. ती येते, तळघरातल्या काउंटरच्या काचेपाशी उभी राहते. डबीवर नाव आणि तारीख तिने घरूनच लिहून आणलेली असते. डबी बाईंच्या हातात देत नाही. काउंटरवर ठेवते आणि हात मागे घेते.

पहिल्या वेळी बाई काचेकडे धावल्या होत्या. “अगं, बस जरा, पाणी देऊ का?”

“नमुना ठेवलाय, बाई,” ती म्हणाली. रांगेतली सगळी माणसं म्हणतात तसं.

तेव्हापासून बाई काही विचारत नाहीत. डबी उचलतात, टेबलाशी बसतात. भावजय काचेपलीकडून हलत नाही. प्लेटेचं झाकण उघडेपर्यंत, तार तापून गार होईपर्यंत, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी होईपर्यंत ती उभी असते. मग वळते. बाई झाकणावर तारीख घालतात आणि मान वर करून छताजवळच्या खिडकीकडे बघतात. बऱ्याच वेळाने तिचे पाय दिसतात. चार पावलं, आणि थांबतात. दमली म्हणून थांबली की खोकला आला म्हणून, ते तळघरात ऐकू येत नाही.